जन्मतः पापी कोण?

बायबलात मेळ नाही असं सांगणारे आपल्यात बरेच आहेत. खोटं नाही ते. मत्तय १८:३ मध्ये येशू म्हणतो, लेकरासारखे व्हा, तरच स्वर्गाचं दार उघडेल. स्तोत्र ५१:५ म्हणतं, माणूस जन्मतोच पापात. मग लेकरू निर्मळ का पापी? निर्गम २०:५ प्रमाणं बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल १८:२० प्रमाणं बापाचं पाप पोराच्या माथी मारायचं नाही.

वचनाला वचन भिडवलं की टाळ्या पडतात. पण ते वचन कोण बोलतो, कोणाला बोलतो, हे कोणी विचारत नाही.

स्तोत्र ५१ परंपरेनं दावीद राजाचं. त्यानं उरियाची बायको नेली आणि उरियाला लढाईत पुढं घालून मारवलं. उघडं पडल्यावर तो स्वतःलाच जन्मापासूनचा पापी म्हणतो. आता योहानाचा ९ वा अध्याय बघा. जन्मांध भिकारी. शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं का आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. भिकाऱ्याला दिसायला लागतं, तो धर्मपुढाऱ्यांना तोंडावर उत्तर देतो. तेव्हा ते म्हणतात, तू जन्माचा पापी, आम्हाला शिकवतोस? अन् त्याला हाकलून देतात.

बोलणं एकच. राजानं स्वतःला लावलं तर पश्चात्ताप, पुढाऱ्यांनी भिकाऱ्याला लावलं तर बहिष्कार.

शिष्यांचा सवाल आपल्या ओळखीचा आहे. मागच्या जन्मी काय केलंस म्हणून या जातीत आलास, हे आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलं. १९५७ साली निघालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी यावर नेमकं बोट ठेवलंय. गरिबाच्या हालाखीला त्याचंच पूर्वजन्मीचं कर्म जबाबदार धरलं, की राज्य आणि समाज हात झटकायला मोकळे.

रोमकरांस ३:२३ सगळ्यांनाच पापी म्हणतं. त्यात निदान वरचा-खालचा नाही. पण ज्यांच्या चर्चमध्ये सगळे पापी, त्याच इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती तेवढ्या गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. १९५२ साली तो कायदा गेला. मागनं सराईत गुन्हेगारांचे कायदे आले.

आणि आपण? सिरसाळा असो का परळी, चोरी झाली की बोट आधी पारध्याच्या पालाकडं जातं. तेव्हा आपल्यातलाच एखादा शिकलेला पोरगा म्हणतो, त्यांची जातच तसली. हे भिकाऱ्याला हाकलणाऱ्यांचंच बोलणं झालं, फक्त निळ्या झेंड्याखाली उभं राहून. आपल्याला जे लावलं तेच आपण दुसऱ्याला लावायचं, तर आपण धम्म घेतला कशाला?

पुढच्या वेळी पालावरचा पोरगा उचलला, तर ठाण्यात जा. एकच विचारा : यानं काय केलं, पुरावा काय? तो कोणाच्या पोटी जन्मला, हा पुरावा नाही.