ओसरी आणि रजिस्टर

थोरल्या भावाचं ऑपरेशन नांदेडला झालं, तेव्हा दवाखान्याजवळच्या लॉजवर मी दोन खाटांची खोली घेतली. एक खाट माझी, दुसरी पुतण्याची. पण तो रात्रभर भावापाशीच बसायचा. काउंटरवर दोघांची आधार कार्डं घेतली, रजिस्टरात सह्या झाल्या. मागं पाटी होती : बाहेरच्या व्यक्तीस खोलीत प्रवेश नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या जुन्या सालगड्याचा मुलगा भावाला बघायला आला, घरची भाकरी घेऊन. बोलता बोलता कंधारची शेवटची एसटी गेली. म्हटलं, चल, खाट रिकामीच आहे. मॅनेजर आडवा आला. ह्याचं कार्ड घरी राहिलेलं. "काका, पोलीस कधीबी रजिस्टर बघतेत. काही झालं तर मला धरतेत."

मी तापलो. "आमच्याकडं माळेगावच्या यात्रेला जाणारा कोण कुठला माणूस ओसरीवर झोपून जायचा. कुणी नाव पुसत नव्हतं!"

काउंटरजवळचे दोघे-तिघे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. हा तेवढा खाली बघत होता. म्हणाला, "जाऊ द्या मालक. हितं निदान समद्यालाच नाही म्हणायलेत." आणि स्टँडकडं निघून गेला.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नाव पुसत नव्हतो, हे खोटं. आजा पहिल्यांदा तेच विचारायचा, "कोणाचा रं तू?" उत्तरावरून जागा ठरायची : ओसरी, अंगण, नाही तर गोठा. ह्याचा बाप मातंग वस्तीतला. कितीक सालं आमच्यात राबला. पावसात मुक्काम पडला तर बैलांशेजारी. त्याची कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची. आमच्याकडं पाटी नव्हती. लागतच नव्हती.

डॉ. आंबेडकर 1917 साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा पारशी धर्मशाळेच्या रजिस्टरात त्यांना पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला लावली. त्यांनीच हे लिहून ठेवलंय. पुढं घटनेत कलम 15 आलं. जातीवरून हॉटेलात कुणाला अडवता येत नाही. घरची ओसरी त्यात येत नाही.

मॅनेजरचा नियम चूक म्हणवत नाही. खोलीत कोण आहे हे त्याला ठाऊक पाहिजे. पण खाली बाकावर टेक म्हणायला कोणतं रजिस्टर आडवं येत होतं? आणि मला तरी त्याच्यासोबत स्टँडवर जायला काय झालं होतं? गादीचे पैसे भरलेले होते. मी वर गेलो.

गेल्या मिरगाला तो घरी आला. ओसरी आता नाही, स्लॅबचं घर आहे. आत ये म्हटलं, तर पायरीवरच बसला. मीही तिथंच बसलो. चहा दोघांना सारख्याच कपात आला. पिऊन झाल्यावर तो कप घेऊन उठला आणि विसळायला नळाकडं निघाला.