आधी पुरुषाची नजर



मद्य, संगीत आणि स्त्रीचे नृत्य एकाच छताखाली विकण्याचा धंदा जगाला नवा नाही. युरोपात तो कॅबरे या नावाने वाढला. आपल्या महाराष्ट्रात त्याचे रूप म्हणजे डान्सबार. पुसदमध्ये बसून हा विषय दूरच्या महानगराचा वाटेल. परंतु रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे जाणारी मुले आपल्याच घरांतील आहेत, आणि तेच नृत्य आज खिशातील मोबाईलवर आपल्या मोहल्ल्यापर्यंत पोहोचले आहे.

इस्लामचा निर्णय स्पष्ट आहे. मद्य हराम आहे, परपुरुषांपुढे देहप्रदर्शन हराम आहे आणि त्यांच्या व्यापारातून येणारा पैसाही हलाल नाही. प्रश्न एवढाच, की हा निर्णय ऐकताच आपले बोट कोणाकडे वळते?

बहुधा ते नाचणाऱ्या स्त्रीकडे वळते. पवित्र कुरआनचा क्रम मात्र निराळा आहे. सूरह अन्-नूरच्या ३० व्या आयतीत नजर आवरण्याचा आणि शील जपण्याचा आदेश प्रथम श्रद्धावान पुरुषांना दिला आहे. स्त्रियांना तो त्यानंतर, ३१ व्या आयतीत. गिऱ्हाइकाची नजर आणि त्याची नोट यांच्यावाचून डान्सबार एक रात्रही चालणार नाही. ज्या उधळपट्टीला आपण दौलतजादा म्हणतो, तिचा हिशेब अल्लाहपुढे द्यावा लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे, की कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न होतील : कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली. घरी आईचे औषध अडले असताना उडवलेल्या नोटेचे उत्तर आपण काय देणार?

राज्यशासनाने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घातली. तारांकित मोठ्या हॉटेलांना मात्र त्यातून सूट दिली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ७५ हजारांहून अधिक स्त्रियांचे काम गेले आणि त्यांतील अनेकींना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, याची त्या न्यायालयाने नोंद घेतली. पुढे २०१६ मध्ये नवा कायदा आला. २०१९ मध्ये त्यातील अनेक अटी शिथिल झाल्या. नोटा उधळण्याची मनाई मात्र टिकली.

यातून दोन बोध मिळतात. मखजूम या प्रतिष्ठित कबिल्यातील स्त्रीने चोरी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्यासाठी आलेली शिफारस नाकारली आणि बजावले, की बड्यांना सोडून दुबळ्यांना शिक्षा करणारे समाज पूर्वी नष्ट झाले. गरिबाच्या बारमधले पाप श्रीमंताच्या हॉटेलात करमणूक ठरत नाही. दुसरा बोध असा, की कायदा दाराला कुलूप लावू शकतो, नजरेला नाही. ते काम तकव्याचे आहे. आणि दार बंद करताना आतल्या स्त्रीच्या भाकरीची सोय केली नाही, तर ती अधिक अंधाऱ्या दाराकडे ढकलली जाते.

म्हणून अशी एखादी भगिनी परत येईल, तेव्हा आपण कसे वागणार? सूरह अन्-नूरच्या ३३ व्या आयतीत, ज्यांना देहविक्रयाची सक्ती झाली, त्यांच्यासाठी अल्लाहने क्षमा व दया सांगितली आहे. त्याच सूरहमध्ये, चार साक्षीदारांवाचून शीलवती स्त्रीवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटक्यांची शिक्षा आहे. ‘मुंबईत काय करत होती कोण जाणे’, हे चहाच्या टपरीवरचे वाक्य आपण हलके समजू नये. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल एका वेश्येला क्षमा मिळाल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. अल्लाहने जिच्यासाठी दार उघडे ठेवले, तिच्यासाठी ते बंद करणारे आपण कोण?

अशा अनेकींच्या पायात कर्जाची बेडी असते. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेले आणि निर्धन यांचाही समावेश आहे. मोहल्ल्याच्या जकातीतून, नाव न उघडता, एका भगिनीचे कर्ज फिटले आणि तिच्या मुलांची फी भरली गेली, तर ते शंभर भाषणांहून मोलाचे ठरेल. आणि प्रत्येक पित्याने आपल्या मुलाला, मुलीच्या पडद्याविषयी बोलण्याआधी, त्याच्या स्वतःच्या नजरेविषयी सांगावे.

हे अल्लाह, आमच्या नजरांना हया दे, आमच्या कमाईत बरकत दे आणि परतणाऱ्यांसाठी आमची मने मोकळी कर. आमीन.