बर्फाच्या भिंतीपाशी

थांबा. पाठीवरची सॅक उतरवा. चढाचा दम हळूहळू खाली बसू द्या.

तुम्ही गुलमर्गच्या वर, अफरवत डोंगराच्या अंगावर आहात. गोंडोलाच्या रोपवेची घरघर मागे राहिली. समोरचा उतार कोवळ्या उन्हात इतका निर्मळ दिसतो, की त्याच्यावर संशय घेणं जिवावर येतं. तरी त्या संशयाला हाकलू नका. जवळ बसू द्या.

आता माथ्याकडे पाहा. वारा कुठून कुठे वाहिला? एका अंगाचा बर्फ उचलून त्यानं दुसऱ्या अंगाला, आडोशाला, रचून ठेवला आहे. उताराचा कोन मोजा. लादीसारखा थर निसटून खाली येतो तो बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारांवर. स्की करताना मन हरखतं तेही नेमकं याच उतारांवर.

इथे चालताना कानही उघडे असू द्या. पायाखाली 'वूंफ' असा दबका हुंकार आला, तर आतला थर खचला आहे. मग खणायचीही गरज नाही, मागे फिरा.

आज तसा आवाज नाही. म्हणून त्याच दिशेचा, त्याच कोनाचा, पण छोटा आणि खाली काही धोका नसलेला उतार निवडा आणि फावड्यानं खणा. भिंत सरळ तासा. हातमोज्यातला हात तिच्यात रुतवत वरून खाली या. वरच्या थरात अख्खी मूठ जाते. खाली चार बोटं. मग एकच बोट, तेही जोर लावून. आणि त्या घट्ट लादीखाली, जमिनीलगत, अचानक दाणे ओघळू लागतात. साखरेसारखे, सुटे.

इथे थोडं जास्त थांबा. हे दाणे तळहातावर घ्या, भिंगातून पाहा. कडा आहेत, पैलू आहेत. एकमेकांना धरून राहणं त्यांच्यात नाही.

हा बर्फ हिवाळ्याच्या आरंभी पडला, तेव्हा थर पातळ होता. मग निरभ्र, निवांत रात्री आल्या. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास ऊबदार, वर हवा गोठलेली. त्या फरकानं वाफ दाण्यादाण्यातून वर चढत राहिली आणि दाण्यांचा आकार बदलत गेला. गावात कुणी त्या रात्री शेकोटीपाशी बसून चांदणं पाहिलं असेल. या भिंतीतला कच्चेपणा वादळानं आणलेला नाही, त्या शांत रात्रींनी आणला. नंतर चिल्लई कलानच्या, कडाक्याच्या थंडीच्या, चाळीस दिवसांत पश्चिमेकडून हिमवादळं आली आणि त्यांनी या दाण्यांवर ओझं ठेवलं.

आता 90 सेंटिमीटर रुंद, उताराच्या दिशेनं 30 सेंटिमीटर असा ठोकळा बाजूंनी आणि मागून मोकळा करा. एका टोकाला फावड्याचं पातं ठेवा. मनगटातून दहा थापा. कोपरातून दहा. खांद्यातून दहा. प्रत्येक थाप मोजा. तडा सरसरत दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर उत्तर मिळालं: ही लादी निसटू शकते. नाही गेला, तर एवढंच कळलं, की इथे, या हातभर जागेत, आत्ता नाही गेला. पलीकडे खडकाजवळ लादी पातळ असेल, तिथलं हा ठोकळा सांगत नाही. उतारावर आधीच उमटलेल्या स्कीच्या दहा रेघाही सांगत नाहीत.

आता स्वतःकडे वळा. पुण्याहून आठ दिवसांची रजा टाकून आलात. परवा परतीचं विमान. सोबतच्याची नजर उतारावर खिळली आहे. त्याच्या छातीवरचा बीकन, बर्फाखालून माग देणारा, पाहा. तो गाडला गेला, तर पहिली पंधरा मिनिटं मोलाची, आणि तेवढ्यात त्याला शोधून, खणून काढायला तुमचेच दोन हात. मनातल्या मनात म्हणून पाहा: "आज नको, परत जाऊ या." जड गेलं? पुन्हा म्हणा. आता मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं.

खड्डा बुजवा. मागून येणाऱ्याचा पाय त्यात जायला नको. स्की बांधा, आणि झाडांमधल्या सौम्य उतारानं सावकाश खाली निघा.