बोलून केलेला वार

शाळेत गलका वाढला की बाई टेबलावर पट्टी आपटून विचारायच्या, "हा काय मासळी बाजार आहे?" मोरा बंदराच्या शाळेत हे वाक्य जरा जपूनच वापरावं लागत असणार. समोरच्या बाकांवरच्या कितीतरी पोरींच्या आया त्याच बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या. उरणच्या टोकाला असलेलं हे कोळ्यांचं बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच इथे लागते, आणि ओहोटी मोठी असली की गाळामुळे खोळंबते. कोळणीचा आवाज हे इथलं धंद्याचं हत्यार आहे. वारा आणि इंजिनाची धडधड यांच्या वरून तो गिऱ्हाइकापर्यंत पोचवावा लागतो. नाही पोचला, तर म्हावरं पाटीतच राहतं.

मला हे आठवलं ते केंडोमुळे. जपानी तलवारबाजीचा हा खेळ बांबूच्या तलवारीने, म्हणजे शिनाईने, खेळतात. तोंडावर धातूची जाळी, छातीला चिलखत, हाताला जाड मोजे. वार चार ठिकाणी चालतो : डोकं, मनगट, कूस आणि गळा. दोन गुण आधी मिळवील तो जिंकला. पण शिनाई नुसती लागून गुण मिळत नाही. पवित्रा, तलवारीची धार ज्या बाजूला मानली आहे ती बाजू, वारानंतरही टिकलेली सावधता, आणि या सगळ्यांच्या आधी अंगातला जोर, हे एकाच क्षणी दिसावं लागतं. तीन पंचांपैकी दोघांचे झेंडे वर गेले तर गुण. आता अंगातला जोर पंचांना दिसणार कसा? तो ऐकू येतो. खेळाडू वार करताना जिथे मारायचं त्या जागेचं नावच ओरडतो : डोक्याला "मेन", मनगटाला "कोते", कुशीला "दो". मुक्याने केलेला वार कितीही अचूक बसला, तरी झेंडे सहसा खालीच राहतात.

बाईच्या बाजूने हा नियम पाहिला की त्याची खरी गंमत कळते. प्रौढ पुरुषाची शिनाई निदान ५१० ग्रॅम वजनाची लागते, बाईची ४४० ग्रॅम चालते. लांबीची मर्यादा दोघांनाही १२० सेंटिमीटर. म्हणजे मनगटासाठी सत्तर ग्रॅमची सूट मिळाली. गळ्यासाठी काही नाही. जन्मभर "हळू बोल, शेजारी ऐकतात" हे ऐकत वाढलेल्या मुलीला इथे सांगितलं जातं की तुझं ऐकू आलं नाही, म्हणून तू मारलंच नाहीस. लाज नवख्या पुरुषालाही वाटते, पण त्याची लाज दोन-चार दिवसांची. मुलीला आधी वीस वर्षांची शिकवण घशातून काढावी लागते, मग "मेन" बाहेर पडतं.

आणखी एक पेच आहे. उंच पट्टीतला आवाज म्हणजे पातळ आवाज नव्हे, हे पंचांच्या कानाला कळायला हवं. जाळीमागचा चेहरा दिसत नाही, पोशाख सर्वांचा सारखा, कमरेच्या पट्टीवर आडनाव. आत बाई आहे हे बहुतेक वेळा पहिल्या आरोळीलाच समजतं. जो आवाज तिची ओळख उघडी करतो, त्यालाच तिच्या बाजूने साक्ष द्यावी लागते.

खेळातल्या बाईच्या आवाजाला एरवी काय वागणूक मिळते, ते १९९२ च्या विम्बल्डनने दाखवलं. मोनिका सेलेसच्या हुंकाराची तक्रार झाली, वर्तमानपत्रांनी थट्टा केली, आणि अंतिम सामना ती जवळजवळ गप्प राहून खेळली. स्टेफी ग्राफने ६-२, ६-१ असा जिंकला. हार गप्प बसण्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. ग्राफ ग्राफच होती. पण टेनिसमध्ये जो आवाज खोड ठरला, तोच केंडोत नसला तर गुण जातो.

खुद्द केंडोलाही एकदा मुकं करून पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात त्याच्यावर बंदी आली, तेव्हा १९५० च्या सुमारास 'शिनाई क्योगी' नावाचा सोवळा खेळ निघाला. लवचीक शिनाई, हलकं चिलखत, आणि आरोळीला मनाई. बंदी उठली आणि आरोळी परत आली. पुरुषांची अखिल जपान स्पर्धा १९५३ साली सुरू झाली, बायकांची १९६२ साली. नऊ वर्षांनी का होईना, त्यांच्या ओरडण्याला झेंडे मिळू लागले.

पनवेल-उरणकडच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गावोगाव कबड्डीचं मैदान असलेला हा मुलूख. चढाईला निघालेल्या पोरीने "कबड्डी, कबड्डी" थांबवलं की खेळ संपला. हात कुणाला लागला होता याला काही अर्थ उरत नाही. इथेही मैदान लहान करून दिलं आहे, पुरुषांचं १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८. दमात मात्र सूट नाही. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. त्यांच्या पकडी आणि चढाया आपण वाखाणल्या. त्या सबंध वेळ मोठ्याने बोलत होत्या, हे कुणाला खटकलं नाही.

दोन्ही आवाजांत फरक आहे, तो सोडून चालणार नाही. कबड्डीतला आवाज हिशेब देतो : मी अजून श्वास घेतलेला नाही, पाहा. केंडोतला आवाज इरादा सांगतो : इथे मारते आहे, आणि मारायचं म्हणूनच मारते आहे. आपल्याकडे या दोहोंना एकच शब्द पुरतो. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे धमक, आणि कुणाला दम भरला की समोरचा गप्प. जपानी आरोळीला 'कियाई' म्हणतात. त्यातल्या 'की'मध्ये श्वासही येतो आणि अंगातलं बळही. मोऱ्याच्या कोळणीला हे समजावून सांगावं लागणार नाही. पापलेटला पापलेट म्हणून, भाव ठणकावून, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत ती रोज तेच करते. फक्त तिच्या बाजूला झेंडे घेतलेले पंच उभे नसतात, आणि पलीकडे वर्गात बाई पट्टी आपटत असतात.