उसने पावसाळे

लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढेपर्यंत मिटूनही जाते. दुधीचे पांढरेशुभ्र फूल मात्र दिवस कलल्यावर पाकळ्या उघडते. एकाच मांडवावर शेजारी शेजारी चढलेल्या या दोन वेलींनी काळाशी इतके भिन्न करार केलेले असावेत, हे सकाळी झारी घेऊन फिरणाऱ्याच्या ध्यानी यायचे कसे? त्याला दिसतात ती दुधीची मलूल फुले आणि पिवळी पडून गळणारी बोटाएवढी फळे. मग शेणखत वाढते, पाणी वाढते, फवारण्या होतात आणि वेल निमूटपणे पानेच पाने देत राहते.

"सकाळी नुसतं पाणी घालून काय होणार? दिवेलागणीला ये," असे शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या हातात लांब, बारीक देठाचे एक नरफूल होते. मादीफूल ओळखायचे ते त्याच्या तळाशी असलेल्या लवदार, इवल्या दुधीवरून. नरफुलाच्या पाकळ्या काढून त्यांनी परागांचा दांडा मादीफुलाच्या गाभ्यावर अलगद टेकवला. सांजवेळी फिरणारे पतंग आमच्या वस्तीत फारसे उरलेले नाहीत, तेव्हा त्यांचे काम माणसाकडे आले आहे. काकूंना हे माहेरच्या एका चुलतीने शिकवले. चुलतीला कुणी, ते त्यांनाही सांगता येत नाही.

कुंभार बिघडलेले मडके त्याच दुपारी मोडून पुन्हा चाकावर चढवू शकतो. मृगात टोकलेल्या बीची चूक कळते ती श्रावणात, आणि ती सुधारायला पुढच्या मृगाचीच वाट पाहावी लागते. एका आयुष्याच्या वाट्याला असे मृग येऊन येऊन येणार किती! 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे वाक्य एरवी मला कमालीचे कंटाळवाणे वाटते. वाफ्याच्या कडेला उकिडवे बसलेले असताना मात्र त्या जास्तीच्या चार पावसाळ्यांचा मोह पडतो, कारण दुसऱ्याचे आयुष्य उसने घेण्याची मुभा इथेच काय ती मिळते.

सुमारे हजार वर्षांपूर्वीचा सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' अनुवादातून वाचताना माझे मन ग्रंथकारापेक्षा त्याच्या मागे उभ्या असलेल्या अनाम माळ्यांकडेच ओढ घेते. मांस, मज्जा, वसा कुजवून केलेल्या कुणपजलाची कृती श्लोकात बसण्यापूर्वी कुणीतरी ती दुर्गंधी सोसली असेल, कुणाची रोपे जळाली असतील. श्लोकाला निष्कर्ष तेवढा पुरतो. जळालेली रोपे छंदात मावत नाहीत. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो हेच जाणून असावा, असे मला वाटते. गणित शिकवणाऱ्या या माणसाने द्राक्षबागायतदारांना एकमेकांचे विद्यार्थी केले, आणि ज्ञान वरून खाली झिरपते या समजुतीलाच छेद दिला.

तरीही या देवघेवीत एक अडचण असतेच. भुरीवर कुणी आंबट ताक सांगतो, कुणी वेलीची दाट पाने विरळ करायला सांगतो. मावा दिसला की कुणाचा हात चुलीतल्या राखेकडे जातो, कुणाचा निंबोळी अर्काकडे. आपापल्या अंगणात प्रत्येकाचे खरे असते, कारण तिथली माती, सावली आणि वारा त्या सल्ल्यात मिसळलेला असतो आणि सांगताना तेवढाच नेमका वगळला जातो. शिवाय माणसे यश सढळ हाताने वाटतात, मेलेल्या वेली मात्र झाकून ठेवतात. जो आपली उजाड कुंडीही दाखवतो, त्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते.

गेल्या पावसाळ्यात एका सांजेला माझ्या वेलीवर मादीफूल उमलले आणि नरफूल एकही नव्हते. काकूंनी भिंतीवरून आपल्या वेलीचे दिले. तो दुधी मी बियांसाठी वेलीवरच जून होऊ दिला. सालीचे लाकूड झाल्यावर आतल्या बिया खुळखुळू लागल्या. माझा दुधी लांबट, त्यांचा गोल. यंदा त्या बियांना आलेली फळे ना धड लांब, ना धड गोल, आणि त्यांतला पहिला कुणाच्या स्वयंपाकघरात जाणार यावर आमचा वाद चालू आहे.