गुणवत्ता आणि समता : पालवणकर बंधूंच्या निमित्ताने

गुणवत्तेपुढे भेदाची भिंत टिकत नाही, हा आधुनिक मनाचा एक आवडता समज आहे. क्रीडेचे क्षेत्र त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी पुढे केले जाते. धाव आणि बळी यांना जात नसते, वर्ण नसतो, असे म्हटले जाते. परंतु धावा मोजणाऱ्या माणसांना त्या असतात, आणि खरा नैतिक प्रश्न तेथूनच सुरू होतो.

18 जानेवारी 1958 रोजी बॉस्टन ब्रुइन्सकडून मॉन्ट्रियल येथे खेळताना विली ओ'री हा नॅशनल हॉकी लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याचा उजवा डोळा जवळजवळ निकामी होता. ते व्यंग त्याला लपवावे लागले. बर्फावरील हॉकीच्या या संघटनेत कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा लिखित नियम नव्हता. अलिखित निषेधाचे सामर्थ्य यातच असते की, त्याच्याखाली कोणाचीही स्वाक्षरी नसते. दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू तेथे यायला 1974 साल उजाडावे लागले. एकासाठी उघडलेले दार सर्वांसाठी उघडतेच असे नाही.

महाराष्ट्राने हा अनुभव अर्धशतकाहून अधिक काळ आधी घेतला होता. चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पालवणकर 1892 च्या सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करीत. जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना सराव मिळावा म्हणून ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. हाती बॅट मात्र त्यांना मिळत नसे. पुढे पुण्यातील हिंदू संघाला या डावखुऱ्या फिरकीची गरज भासली आणि त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू निःसंकोच हाताळीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. म्हणजे विटाळ वस्तूत नव्हता आणि स्पर्शातही नव्हता. तो गरजेच्या मर्यादेवर उभा होता. जेथे उपयोग संपला, तेथे अस्पृश्यता पुन्हा सुरू झाली.

1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. 1913 मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले, आणि हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे पै यांनीच जाहीरपणे सांगितले. कौशल्य स्वीकारणे आणि अधिकार मान्य करणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. कुशल माणसाकडून सेवा घेता येते. कर्णधाराची आज्ञा मात्र पाळावी लागते.

1920 मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधारपद पुन्हा इतरत्र गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या बंधूंनी जाहीर निषेध करून माघार घेतली. अंतिम सामन्यापूर्वी बाळूंना उपकर्णधार नेमून बंधूंना परत आणावे लागले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांवर विजय मिळवला. बाळूंनी वर्षानुवर्षे बळी घेऊन जे साधले नाही, त्याची वाट या नकाराने मोकळी केली. गुण देत राहिल्याने कीर्ती मिळाली. न्यायाकडे पाऊल पडले ते गुण रोखून धरल्यावर.

अर्थात, बंधूंना नकार परवडला, कारण संघाला त्यांची गरज होती. जो बळी घेऊ शकत नाही, ज्याच्या माघारीने कोणाचाच सामना अडत नाही, त्याच्या चहाच्या पेल्याचे काय? समता जर असामान्यत्वाचे बक्षीस असेल, तर सामान्य माणसाच्या वाट्याला ती कधीच येणार नाही. सवर्ण खेळाडूला मंडपात बसण्यासाठी बळी घ्यावे लागत नव्हते. तो सामान्य असला तरी चालत होता. अन्यायाचे खरे माप या विषमतेत आहे. म्हणून बाळूंचा गौरव करताना त्यांच्या बळींची संख्या सांगणे पुरेसे नाही. एकही बळी न घेणाऱ्या माणसालाही तोच पेला मिळतो काय, हा प्रश्न त्या संख्येने समाजापुढे ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर धावफलकावर मिळणारे नाही.