समीक्षकाची चूक आणि त्याचे उत्तरदायित्व

समीक्षकाचा निर्णय काळाने खोटा ठरवला, तर तो नैतिकदृष्ट्या दोषी ठरतो काय? स्पॅनिश समीक्षक मार्सेलीनो मेनेन्देझ पेलायो (१८५६–१९१२) यांच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही. लुईस दे गोंगोराच्या 'सोलेदादेस' या दीर्घकाव्यात त्यांना आशयशून्यता दिसली, आणि त्यांच्या अधिकारामुळे तो अभिप्राय प्रमाण मानला गेला. १९२७ साली, कवीच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीत, दामासो आलोन्सो यांनी त्याच काव्याची गद्यान्वयासह आवृत्ती सिद्ध केली. तिने क्लिष्ट वाक्यरचनेचाही अन्वय लागतो हे दाखवले. दुर्बोधता म्हणजे अर्थशून्यता नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले आणि पूर्वसूरींचा अभिप्राय निष्प्रभ ठरला.

तथापि कवितेचे समर्थन गद्यान्वयाने करताना, कवितेला सांगता येण्याजोगा अर्थ हवा, हा पूर्वसूरींचाच निकष आलोन्सो यांनी एका परीने मान्य केला, असे म्हणावे लागते. निर्णय बदलला, निकष टिकला. तेव्हा नवा निर्णयही अंतिम नव्हे.

म्हणूनच चुकणे हा समीक्षकाचा नैतिक दोष नव्हे. आपण जिथे अडखळलो ती जागा वाचकापुढे न ठेवता केवळ अधिकाराच्या बळावर निवाडा देणे, हा तो दोष होय. आलोन्सो यांचा अन्वय ओळीशी ताडून कोणालाही खोडून काढता येतो. त्यांची प्रतिष्ठा खऱ्या अर्थाने त्यातच आहे.